एक्केचाळीस नंबरचा ठसा

४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

आधी पोच, मग नमस्कार. पार्सल शनिवारी मिळालं. आत होतं ते असं: थोरलीला हिरवा स्वेटर, धाकट्याला पायमोजे, तीन जोड, मला शाल, यांना दाढीचं सामान, पत्र्याच्या डब्यासकट, अंगाचे साबण दोन, आणि तळाशी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जपून ठेवलेला एक टाइप केलेला कागद. तिकिटं कमी पडली होती, पोस्टमननं वरचे अठरा माझ्याकडून घेतले.

स्वेटर ठेवला. पायमोजे ठेवले. साबण ठेवले. शाल परत करणार होते, पण धाकट्याला कणकण होती, त्याच्या अंगावर घातली, आणि आता ती त्याच्याकडून ओढून घेणं मला जमायचं नाही. दाढीचा डबा यांनी उघडला नाही. तो डबा आणि तो कागद या पत्राबरोबर परत येत आहेत.

कागद मी दोनदा वाचला. मॅट्रिकला भाषेत मला तुझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, तेव्हा मला अर्थ कळला नसेल असं समजू नकोस. यांनी सही करून लिहून द्यायचं आहे की, वसतिगृहाची ती दोनशे चाळीस कुलपं आपण केलीच नाहीत. नंबर नसलेल्या, बाहेरून आलेल्या एका कामगारानं आपल्या नंबराचा गैरफायदा घेऊन ती केली. आणि ‘माझी चूक एवढीच, की मी विश्वास ठेवला.’ हे शेवटचं वाक्य भावोजींचंच. त्यांना शेवट गोड करायला फार आवडतं.

यांनी सही केलेली नाही. करणार नाहीत. करायला निघालेच तर मी दौत सांडीन.

भावोजी मोठ्या कचेरीत बढतीवर गेले तोपर्यंत तू इथं सहा वर्षं सुपरवायझरीणबाई म्हणून राहिलीस. पण कारखान्याच्या फाटकाच्या आत काही तू गेली नाहीस. मी डबा पोचवायला जायची, म्हणून मला थोडं ठाऊक. कुलपाच्या पोटात पितळी पट्ट्या असतात. त्यांना किल्लीच्या दातांबरहुकूम खाचा कानसायच्या. एक कुलूप झालं की जुडग्यातली पुढची नमुन्याची किल्ली घ्यायची, म्हणजे दुसऱ्या कुलपाच्या खाचा वेगळ्या. कुलूप बंद करण्याआधी आतल्या बाजूला आपल्या नंबराचा ठसा मारायचा. यांचा एक्केचाळीस.

आता ज्याला नंबर नाही त्यानं काय करायचं? तो दुसऱ्याच्या ठशाखाली काम करतो. ठसा ज्याचा, जबाबदारी त्याची. जुने कामगार, ज्यांचे बाप-आजे याच कारखान्यात होते, ते आपला ठसा बाहेरून आलेल्याला देत नाहीत. मागच्या शेडमधल्या त्या सहाजणांना ते ‘पाहुणे’ म्हणतात. पाहुणे म्हणजे काय, कधीतरी जाणारच. रोज सकाळी विचारतात, “काय पाहुणे, सामान बांधलं का?” आणि हसतात. सहा वर्षांपूर्वी हेच यांना विचारायचे.

त्या सहाजणांतला एक आमचा शिट्टी. कानस चालवताना शिट्टी वाजवतो, तीही बेसूर, म्हणून हे नाव. त्याला ठसा यांनी दिला. म्हणजे वसतिगृहाच्या कुलपांत एक्केचाळीसचा ठसा आहे, आणि हे म्हणतात काम माझं. यापुढं कुणी काय विचारायचं?

मॅनेजरनं बावीस जानेवारीपासून यांना घरी बसवलं आहे. पोटाची काळजी करू नकोस. मी वही घेऊन बसले होते. एप्रिल संपेपर्यंत आम्ही कुणाच्या दारात जात नाही. त्यापुढचं देव बघेल, आणि त्याला सवड नसली तर मी बघीन.

मुलं बरी आहेत. तुला आणि भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

तुझं चार पानी पत्र आलं. ‘परक्या माणसासाठी स्वतःच्या घराला आग लावतेस’ असं तू लिहिलंस, आणि खाली रेघ ओढलीस. रेघ ओढली नसतीस तरी मी ते वाचलं असतं.

परका कोण, ताई? तुम्ही दोघं इथं आलात तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार तुला वर्षभर ‘बाहेरच्या बाई’ म्हणत होता. तू मला पत्रात लिहिलं होतंस की, इथं माणसं तोंडावर दार लावत नाहीत, नुसतं उघडत नाहीत. ते पत्र माझ्याकडे आहे. मी पत्रं टाकून देत नाही.

सगळा गवगवा कसा झाला ते तुला भावोजींनी सांगितलंच असेल, पण त्यांनी कचेरीतल्या भाषेत सांगितलं असेल, म्हणून मी सांगते. वसतिगृहातली एक मुलगी परीक्षेहून दमून आली, जिना चढली, आपली खोली समजून शेजारचीच खोली उघडली, आणि आत जाऊन झोपली. शेजारीण आली, बघते तर आपल्या पलंगावर दुसरीच! आधी दोघी हसल्या. मग त्या मुलीनं तीच किल्ली समोरच्या दाराला लावून पाहिली. ते उघडलं. मग त्याच्या शेजारचं. असं करत दोघींनी अख्खा मजला उघडला. तोवर हसू संपलं होतं. त्या आठवड्यात एकीचं घड्याळ गेलं, दुसरीची फीची रक्कम गेली, आणि दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस कुलपं खोक्यांत भरून मालकांच्या दारात आली. फोडून पाहिली. सगळ्यांच्या खाचा एक. आत एक्केचाळीस.

मुलींचं नुकसान झालं त्याचं मला वाईट वाटतं. ते कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण वाईट वाटलं म्हणून मिळेल त्या माणसाच्या गळ्यात ते अडकवायचं, हे मला पटत नाही.

मॅनेजर तसा खुळा नाही. यांना बोलावून एक कुलूप पुढं ठेवलं आणि म्हणाला, “तुझं काम मी दहा वर्षं बघतो आहे. तुझी खाच डावीकडं झुकते. ही सरळ आहे.”

हे म्हणाले, “मान धरली होती साहेब. सरळ बसून काम केलं.”

“दोनशे चाळीस कुलपं होईपर्यंत मान धरलेली होती?”

“चांगलीच धरली होती.”

घरी येऊन हे मला सांगत होते आणि आम्ही दोघं इतकं हसलो की, थोरली अभ्यास टाकून बघायला आली. तुला वाटेल, नोकरी गेलेल्या घरात हसतात काय. हसतो. हसायला काही पडत नाही.

मॅनेजरचं म्हणणं एवढंच, की नाव सांग. नंबरवाल्याची चौकशी करावी लागते, मालकांपर्यंत कागद जातात, सुपरवायझर कोण होता हेही विचारलं जातं. बिननंबरच्या माणसाला काहीच करावं लागत नाही; संध्याकाळच्या आत शेड सोड म्हटलं की झालं. आणि एक पाहुणा चुकला की जुने सगळे मिळून उरलेल्या पाचांनाही घालवायला टपलेले आहेतच. शिट्टीची बायको पुढच्या महिन्यात यायची आहे. शेडमागची खोली त्यानं स्वतः चुना लावून पांढरी केली आहे. खिडकीला पडदा हवा म्हणून मापं घेऊन माझ्याकडे आला होता. मापं चुकलेली होती.

आमच्या खालच्या मजल्यावर मोठ्या मिस्त्रीची बायको राहते, तुला आठवत असेल. काल जिन्यात गाठलं.

“काय हो, अजून घरीच का तुमचे?”

“हो ना. घरातले सगळे कडी-कोयंडे नीट झाले. तुमचं काही असलं तर पाठवा.”

“पाहुण्यांना फार डोक्यावर बसवलं की असंच होतं.”

मी म्हटलं, “तुमच्यांनी एखाद्याला खांद्यावर बसवून घेतलं असतं, तर आमच्या डोक्यावर एवढी गर्दी झाली नसती.”

तिनं पदर सावरला आणि चालती झाली. संध्याकाळी देवाजवळ बसले तेव्हा वाटलं, वाकडं बोलले. पण खोटं नाही बोलले. तेवढंच त्याला सांगितलं.

भावोजींना सांग, यांच्या मनात त्यांच्याविषयी काही नाही. आम्ही आलो तेव्हा यांना कुणी ठसा देत नव्हतं. भावोजी तेव्हा कामगारच होते, त्यांनी आपला दिला. चार वर्षं यांची कुलपं भावोजींच्या नंबराखाली गेली. हे अजून ते सांगतात, आणि सांगताना उठून उभे राहतात. भावोजींनी त्या वेळी यांच्यासाठी जे केलं, तेच आज हे शिट्टीसाठी करत आहेत. त्याला तुम्ही दोघं वेड म्हणता, याचं नवल वाटतं.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी, बुधवार

ताई,

तू लिहिलंस, ‘नवऱ्याला समजावता येत नसेल तर त्या माणसाकडं जा. त्याला लाज असेल तर तो आपणहून बोलेल.’ मागच्या दोन पत्रांत मी एवढी ताठ होते, म्हणून हे लिहायला हात वळत नाही. पण देवापासून लपत नाही, मग तुझ्यापासून कशाला लपवू? मी गेले.

गुरुवारी सकाळी देवाचं नाव घेत बसले होते. तोंडात नाव आणि डोक्यात वाण्याची यादी. एप्रिलपर्यंत पुरेल असं तुला लिहिलं होतं ना, ते थोरलीची वह्या-पुस्तकं धरली नव्हती म्हणून. हिशेब पुन्हा केला तर मार्च. तशीच उठले, चपला घातल्या, शेडवर गेले. हे घरी नव्हते.

शेडमध्ये सहा खाटा, सहा पेट्या, आणि आडव्या दोरीवर सहाजणांचे शर्ट. मला बघून बाकीचे बाहेर गेले. शिट्टी कपडे धूत होता, तो ओल्या हातांनी उभा राहिला.

“वहिनी, दादा बरे आहेत ना?” यांना तो दादा म्हणतो.

मी म्हटलं, “बरे कसे असतील? कुणामुळं घरी बसलेत ते तुला ठाऊक नाही? तू एकटा आहेस. आमच्या घरात चार तोंडं आहेत. तुझ्या जिभेला काय झालंय?”

असंच म्हटलं. याच शब्दांत.

तो म्हणाला, “मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो. दादांनी त्यांची शपथ घातली.”

“ती मी सोडवली असं समज.”

त्यानं मान हलवली. जराही वाद घातला नाही. हात पुसले, पेटी ओढली, दोरीवरचा ओला शर्ट पिळून त्यात ठेवला, पांढऱ्या केलेल्या खोलीची किल्ली खिळ्याला अडकवली. मग मला विचारलं, “आंघोळ करून जाऊ, की असाच चालेल?”

ताई, त्यानं मला चार शब्द सुनावले असते तर मी ताठ मानेनं परत आले असते.

तो कारखान्यात गेला, मॅनेजरपुढं उभा राहिला, आणि म्हणाला, कुलपं मी केली. मॅनेजरनं पहारेकऱ्याला पाठवून यांना बोलावून घेतलं. पुढचं मला शिट्टीनंच सांगितलं. यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “हा? साहेब, याच्या हातनं दोन कुलपं सारखी होत नाहीत. दोनशे चाळीस कुठून करणार?”

शिट्टीला राग आला. खराखुरा! “दादा, काहीही काय बोलता? मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, तुझी कानस आता बसली म्हणून.”

“उगाच म्हणालो. तुझं मन राखायला.”

“मग पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात ते?”

“तेही उगाच.”

मॅनेजरनं टेबलावर हात आपटला. म्हणाला, “कामगार चूक कबूल करत नाही म्हणून माझे केस पांढरे झाले. आता दोघं एका चुकीसाठी भांडायला लागलात! चालते व्हा. मालकच काय ते बघतील.” म्हणजे आता रीतसर चौकशी. शिट्टीला तोपर्यंत शेडमध्ये राहू दिलं आहे, पण कामाला हात लावायचा नाही.

हे घरी आले. आवाज चढवला नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, “अगं, मी तुला काही मागितलं होतं का कधी? एवढं एकच होतं, की यात पडू नकोस.”

मी म्हटलं, “चुकले.”

“मला नको सांगूस. त्याला सांग.”

दुसऱ्या दिवशी गेले. शिट्टीची पेटी बांधलेलीच होती. मी म्हटलं, “मी तुला बोलायला नको होतं. तू लहान म्हणून मी माफी मागणार नाही असं समजू नकोस. मागते.” तो संकोचून हातातल्या शर्टाशी चाळा करत राहिला. शेवटी म्हणाला, “वहिनी, या शर्टाचं बटण तुटलंय. लावून द्याल?” मी तिथं बसून बटण लावलं. शिवाय जी दोन बटणं सैल होती तीही.

तुझ्या सांगण्यावरून गेले असं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझं नाव घेणारही नाही. सांगितलं तू, पण चपला मी घातल्या.

मात्र आता यापुढं मला असला सल्ला देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१ मार्च, शुक्रवार

ताई,

चौकशी येत्या गुरुवारी, सात तारखेला, सकाळी दहाला. मालक असतील, मॅनेजर असेल, आणि मोठ्या कचेरीतर्फे भावोजी. काल नोटीस आली, तिच्यात तीन नावं आहेत आणि तिसरं त्यांचं आहे. चूक ठरली तर यांचा नंबर जाईल. नंबर जातो म्हणजे काय होतं, तेही तुला सांगते. सगळ्या कामगारांना अंगणात उभं करतात, आणि तो ठसा चाकावर धरून घासून सपाट करतात. धरायचा ज्याचा त्यानंच. कधी काळी एकाचा घासला होता. त्यानंतर तो माणूस या रस्त्यावर दिसला नाही.

हे मी ऐकून घेतलं असतं. यांनी ठरवलं, यांनी सोसावं, मी बरोबर राहीन. पण तिथं भावोजी बसणार हे वाचल्यावर गप्प बसणं मला शक्य नाही. म्हणून आता जे लिहिते ते शांतपणे वाच. एकटी असताना वाच.

यांची हत्यारांची पेटी कारखान्यातून घरी पाठवली होती. बिजागरी गंजली होती म्हणून तिला तेल द्यायला मी ती रिकामी केली. तळाच्या फडक्याखाली खोक्यावर लावायचं एक जाड लेबल निघालं. त्याच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं आहे:

‘एक्केचाळीसच्या टेबलावरच्या पाहुण्यास. वसतिगृहाची सगळी कुलपं याच एका नमुन्यावर घे. प्रत्येकाला किल्ली बदलत बसू नकोस. गाडी शुक्रवारी गेलीच पाहिजे.’

खाली सही. तुझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून मी ती सही ओळखते. कुणाची ते मी लिहीत नाही.

सापडलं आठ फेब्रुवारीला. म्हणजे तुला दुसरं पत्र लिहिलं तेव्हा ते माझ्या वहीत होतं, शेडवर जाऊन शिट्टीला बोलले तेव्हाही होतं. त्याचा दोष नाही हे कागदावर वाचून झाल्यावर मी त्याला बोलले. कारण भावोजींचं नाव तोंडातून काढण्यापेक्षा त्याच्यावर ओरडणं सोपं होतं. मागच्या पत्रात मी माफीची एवढी गोष्ट सांगितली, पण हे गाळलं होतं.

यांना मी ते लेबल तेव्हाच दाखवलं होतं. म्हणाले, “होतं तिथं ठेव.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्यानं मला दाखवलं होतं. हे बरोबर आहे का दादा, म्हणून. मी जाऊन भावोजींना विचारलं. ते म्हणाले, एकदा गाडी जाऊ दे, मुली काय एकमेकींच्या खोल्या उघडत फिरणार आहेत? मी परत आलो, आणि प्रत्येक कुलपात माझा ठसा मारला. मग चूक माझी नाही असं कसं म्हणू?”

“तुमची आहे. पण तुमची जेवढी आहे तेवढी घ्या.”

“अगं, त्यांनी मला ठसा दिला तेव्हा कुणी देत नव्हतं.”

“दिला. आणि तुम्ही तो चार वर्षं स्वच्छ ठेवलात. एकदा तरी त्यांना मान खाली घालावी लागली का तुमच्यामुळं?”

यावर त्यांनी पेटी पुढ्यात ओढली आणि बिजागरीला तेल देत बसले.

नोटीस आल्यावर काल मी विचार केला. हा कागद मालकांकडे मी नेऊ शकले असते. पण तो माझ्या नावाचा नाही. यांच्याही नावाचा नाही. ज्याला लिहिला त्याला परत द्यावा, एवढं मला कळलं. यांना सांगून निघाले. चोरून नाही. “मी शिट्टीचा कागद शिट्टीला द्यायला चालले आहे,” म्हटलं. यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते उलटं होतं.

शिट्टीनं लेबल पाहिलं आणि खाटेवर बसला. म्हणाला, “हे दाखवलं तर दादा माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत. आणि कुलपं मीच केली हेही सिद्ध होईल.”

मी म्हटलं, “मागच्या खेपेला काय कर ते मी तुला सांगितलं होतं. आज सांगणार नाही. कागद तुझा, तोंड तुझं.”

त्यानं ते लेबल उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, “वहिनी, हे लिहिणारे साहेब गुरुवारी आपणहून बोलले तर हे माझ्या खिशातून निघायचं नाही. तुमच्या ताईंचं घर आहे ते. पण नाही बोलले, तर मी उभा राहीन. मला शेडमधून काढतील, काढू देत. दादांना त्या चाकापाशी मी उभं राहू देणार नाही. मग त्यांनी माझ्याशी बोलावं न बोलावं.”

बाकीचे पाचजण दारात उभे होते. त्यातला म्हातारा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, “सामान आम्हीपण बांधून ठेवतो.” आणि सगळे हसले. मोठा मिस्त्री रोज विचारतो ना, म्हणून. मीही हसले, ताई. तिथं उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की, या गावात आपली माणसं आहेत.

घरी आले तेव्हा हे वर्तमानपत्र सुलटं करून वाचत होते. आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलले नव्हते. मघाशी विचारलं, “गुरुवारी कुठला शर्ट घालू?” मी म्हटलं, पांढरा. इस्त्री करून ठेवते आहे.

तर असं आहे. कागद आता माझ्या हातात नाही. मी तुला धमकी देते आहे असं वाटलं तर तसं समज. पण मी तुला आधी सांगते आहे, आणि तुम्ही आमच्या दारात पार्सलातून जे पाठवलंत त्यापेक्षा हे सरळ आहे. हे पत्र पोचल्यावर भावोजींकडे तीन दिवस आहेत. त्यांनी मालकांना एवढंच सांगायचं, की घाईत हुकूम मी दिला. त्यांची बढती जाईल, कदाचित. नंबर जाणार नाही. त्यांना घासायला ठसा नाही. यांच्याजवळ तेवढा एकच आहे.

आणि आता माझं तुझ्याशी. ती गाडी वेळेवर गेली त्या शुक्रवारी तू माझ्याकडं आली होतीस. खुर्चीवर बसून म्हणालीस, “आता आमची बढती नक्की.” तुझा चेहरा मला आनंदी वाटला नव्हता. दमली असशील म्हणून मी चहा केला. गेले तीन आठवडे तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुझी पत्रं येतात, अक्षर तुझं असतं, आणि मी वाचते आणि मला वाटतं, ही कुणाच्या तरी समोर बसून लिहिते आहे.

तुला तेव्हा ठाऊक होतं का? सगळं ठाऊक असून तू तो टाइप केलेला कागद पुठ्ठ्यांत घालून, वर मुलांचे कपडे ठेवून पाठवलास का?

ठाऊक नव्हतं असं लिहिलंस तर मी विश्वास ठेवीन, आणि पुन्हा विचारणार नाही. ठाऊक होतं असं लिहिलंस तरी तू माझी ताईच राहशील. मी चार दिवस रडेन आणि मग पत्र लिहीन. पण भावोजींना दाखवून लिहू नकोस. त्यांचं उत्तर मला गुरुवारी दहा वाजता मिळेल. मी फाटकाशी उभी असेन, थोरलीला बरोबर घेऊन. तिनं बघावं असं मला वाटतं, काहीही झालं तरी.

सोबत पत्ता घातलेलं कार्ड ठेवलं आहे. हो किंवा नाही, एवढा एक शब्द पुरे. हे पत्र तुला सोमवारी मिळेल. त्याच दिवशी, उलट टपालानं, कळव.

तुझी,
धाकटी